जिम जॉइसना मी केव्हाच माफ केलं, पण तो परफेक्ट गेम परत हवाय

डेट्रॉइटकर

परवा लेकीबरोबर आमच्या डेट्रॉइट टायगर्सची बेसबॉल मॅच बघत बसले होते. बॅटरने हेल्मेटवर टपली मारली, मोठ्या पडद्यावर बॉल कुठून गेला ते दिसलं, आणि पंचांनी दिलेला स्ट्राइक रद्द झाला. २०२६च्या सीझनपासून ही सोय आली आहे. प्रत्येक टीमला दोन वेळा दाद मागता येते, आणि दाद खरी ठरली तर ती वजा होत नाही. सगळं काही सेकंदांत उरकलं. लेक म्हणाली, "आई, इतकं सोपं आहे तर त्या दिवशी का नाही बघितलं कोणी?"

त्या दिवशी म्हणजे २ जून २०१०. ती तेव्हा पोटात होती. ही गोष्ट तिने माझ्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की आमच्या घरात "त्या दिवशी" म्हटलं की तारीख सांगावी लागत नाही. तिला उत्तर दिलं खरं, पण माझंच समाधान झालं नाही, म्हणून इथे लिहितेय.

ज्यांना बेसबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं आधी. ९ इनिंग, दर इनिंगला ३ आऊट, म्हणजे २७ बॅटर. पिचरने हे सत्तावीसच्या सत्तावीस ओळीने बाद केले आणि एकही जण पहिल्या बेसवर पोचला नाही, तर तो परफेक्ट गेम. हिट (बेसवर पोचवणारा फटका) नको, वॉक (चार खराब पिचेसमुळे फुकट मिळणारा बेस) नको, फील्डरची चूक नको. क्रिकेटमध्ये याला जोड सापडत नाही. एका डावात दहाच्या दहा विकेट घेणाऱ्यालाही मधे चार चौकार पडलेले चालतात. इथे काहीच चालत नाही. १८८० ते त्या संध्याकाळपर्यंत असे फक्त २० सामने झाले होते. आमचे टायगर्स १९०१पासून खेळतात, त्यांच्या नावावर एकही नव्हता. आजही नाही.

आरमांडो गलारागा व्हेनेझुएलाचा पोरगा. मे महिन्याच्या मध्यालाच टोलिडोच्या मायनर लीग टीममधून वर आलेला. क्लीव्हलंडविरुद्ध तो कोमेरिका पार्कमध्ये पिचिंग करत होता आणि मी शेजारच्या आजोबांच्या व्हरांड्यात बसले होते. मला बेसबॉल शिकवला तो त्यांनी. २००६ साली टायगर्स वर्ल्ड सिरीजला गेले तेव्हा आम्ही या गल्लीत नवे होतो, आणि नवरा फिरतीवर असला की मी त्यांच्याकडे जाऊन बसायची. टीव्हीचा आवाज बंद आणि रेडिओ चालू, हा त्यांचा नेम. टायगर्सचे रेडिओ समालोचक एर्नी हारवेल यांचा आवाज त्यांनी आयुष्यभर ऐकला होता. हारवेल महिन्यापूर्वीच, ४ मे रोजी गेले. त्यांचं पार्थिव स्टेडियममध्ये ठेवलं होतं तेव्हा आजोबा रांगेत उभं राहून दर्शन घेऊन आले. नंतरही रेडिओ चालूच राहिला. मांडीवर स्कोअरची वही, कानामागे पेन्सिल.

सातव्या इनिंगनंतर आम्ही दोघंही बोलायचं थांबलो. पिचर परफेक्ट चालला असेल तर त्याचं नाव काढायचं नाही, दृष्ट लागते, ही समजूत इकडेही आहे. नवव्या इनिंगमध्ये मार्क ग्रुडझिलानेकने पहिलाच फटका इतका खोल मारला की मी हात डोक्याला लावला. ऑस्टिन जॅक्सन पाठमोरा धावत गेला आणि खांद्यावरून आलेला तो झेल त्याने भिंतीजवळ घेतला. आजोबांनी वहीत खूण केली, तेव्हा पेन्सिल थरथरत होती. मग माइक रेडमंड, शॉर्टस्टॉपकडे ग्राउंडर (जमिनीवरून गेलेला फटका), आऊट. सव्वीस झाले.

सत्तावीसावा जेसन डोनाल्ड. बॉल पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधे जमिनीवरून गेला. मिगेल काब्रेराने उजवीकडे जाऊन तो उचलला, वळून फेकला. गलारागा पळत येऊन बेसवर पाय ठेवून उभा, बॉल ग्लव्हमध्ये, आणि डोनाल्डचं पाऊल अजून हवेत. आजोबांनी चौकटीत ३-१ लिहूनही टाकलं. फर्स्ट बेसमनकडून पिचरकडे, आऊट.

आणि पहिल्या बेसवरचे पंच जिम जॉइसनी दोन्ही हात आडवे पसरले. सेफ.

मी ओरडले. पोटातल्या बाळाचा विचार न करता उठून उभी राहिले. काब्रेराने डोक्याला हात लावला, मॅनेजर जिम लेलंड बाहेर आले, लोक बोंबलत होते. टीव्हीवर एकदा दाखवलं, दोनदा दाखवलं, दर वेळी पाऊलभर आऊट. गलारागा मात्र हसला. उपहासाने नाही. एखादं लहान मूल चुकतं तेव्हा आपण जसं हसतो तसं. आणि बॉल घेऊन परत माउंडवर गेला. पुढच्या ट्रेव्हर क्रोला त्याने बाद केलं, टायगर्स ३-० जिंकले. ८८ पिचेस. पावणेदोन तासही लागले नाहीत.

त्या रात्री मी इंटरनेटवर जॉइसबद्दल जे लिहिलं ते आज वाचवत नाही. मी एकटी नव्हते, पण म्हणून माझं लिहिणं बरोबर ठरत नाही. तासाभरात बातमी आली. जॉइसनी आत जाऊन रीप्ले बघितला, आणि पत्रकारांना सरळ सांगितलं की त्या मुलाचा परफेक्ट गेम माझ्यामुळे गेला. सबब नाही, "मला तिथून तसं दिसलं" असली पळवाट नाही. त्यांनी गलारागाला भेटून रडत माफी मागितली, आणि तो म्हणाला, परफेक्ट कोणीच नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत सामना होता. पाळीनुसार होम प्लेटच्या मागे जॉइसच. सुट्टी घेता आली असती, घेतली नाही. आपल्या टीमच्या खेळाडूंची नावं लिहिलेलं कार्ड मॅनेजर पंचांना देतो, त्या दिवशी लेलंडनी ते गलारागाच्या हाती पाठवलं. जॉइस डोळे पुसत होते. जाताना त्यांनी गलारागाच्या खांद्यावर हलकी थाप मारली. मी ऑफिसात बसून ते बघितलं आणि माझा राग तिथे संपला. आजतागायत परत आला नाही.

पण एक गोष्ट तेव्हाही पटली नाही आणि आजही पटत नाही. बेसबॉल लीगचे प्रमुख, कमिशनर बड सेलिग यांनी निर्णय बदलायला नकार दिला. ज्याने चूक केली तो म्हणतो चूक झाली, ज्याच्यावर अन्याय झाला तो त्याला माफ करतो, अख्ख्या देशाने डोळ्यांनी बघितलं, आणि नोंदवहीत मात्र आजही "१ हिट" आहे. माणसाला माफ करणं वेगळं आणि हिशोब दुरुस्त करणं वेगळं. पहिलं झालं म्हणून दुसरं टाळता येत नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

नवखा_प्रेक्षक

ताई, छान लिहिलंय. एक बाळबोध प्रश्न. सगळ्या जगाने टीव्हीवर बघितलं, मग पंचांनाच का बघता आलं नाही?

डेट्रॉइटकर

नियमच नव्हता. ऑगस्ट २००८पासून रीप्ले आला होता, पण तो फक्त होमरनपुरता. बॉल भिंतीपलीकडे गेला का, खांबाच्या आतून गेला का, एवढंच. बेसवरच्या सेफ-आऊटसाठी २०१४ उजाडावं लागलं. आता न्यूयॉर्कमध्ये बसलेले पंच बघतात आणि हेडफोनवरून निर्णय कळवतात.

क्रिकेटपंढरी

म्हणजे आपण यात फार पुढे होतो. नोव्हेंबर १९९२, डर्बन कसोटी. टीव्ही बघून धावबाद दिलेला जगातला पहिला फलंदाज आपला सचिन. ते सेफ-आऊट आणि आपला रनआऊट एकाच जातीचे: आधी बॉल की आधी पाय. क्रिकेटने १९९२ला केलं ते बेसबॉलला २०१४ला सुचलं, बावीस वर्षांनी. गलारागा त्या बावीस वर्षांच्या मधे सापडला, बिचारा.

सेंट_लुईसकर

या जखमेवर आमचा हक्क जुना आहे. २६ ऑक्टोबर १९८५, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, कॅन्सस सिटी. आमचे कार्डिनल्स सिरीजमध्ये ३-२ पुढे, नववी इनिंग, आम्ही १-० पुढे. तीन आऊट काढले की जगज्जेते. जॉर्ज ऑर्टाचा ग्राउंडर, फर्स्ट बेसमन जॅक क्लार्कने उचलून बेसवर आलेल्या पिचर टॉड वॉरेलकडे टाकला. बघा, अगदी तुमचाच प्रसंग. आऊट होता, पंच डॉन डेंकिंगरनी सेफ दिला. तो सामना आम्ही २-१ हरलो आणि दुसऱ्या दिवशी सातवा ११-० हरलो.

मी इकडे आलो १९९८ला, पण माझ्या ऑफिसातले लोक ते काल घडल्यासारखं सांगायचे. डेंकिंगरना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. कितीतरी वर्षं. ते २०२३ला गेले तेव्हाच्या बातम्यांतही पहिल्या ओळीत तोच निर्णय होता. माणसाने तीस वर्षं पंचगिरी केली आणि उरलं काय, तर एक सेकंद. तुम्ही लोकांनी जॉइसना दुसऱ्या दिवशी टाळ्या वाजवल्या, ते आमच्या गावाला जमलं नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण खरं आहे.

गल्लीतला_पंच

मी न्यू जर्सीत लहान मुलांच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो, सहा वर्षं झाली. त्यामुळे जॉइसच्या बाजूने दोन शब्द.

पहिल्या बेसवर पंच बॉल बघत नाही. आम्हाला शिकवतात की डोळे बेसवर, रनरच्या पायावर ठेवा आणि कान ग्लव्हकडे. बॉल ग्लव्हमध्ये बसला की "फट्" असा आवाज येतो. आवाज आधी की पाय आधी, यावर निर्णय. डोळ्यांनी दोन्ही ठिकाणी एकाच वेळी बघता येत नाही, म्हणून ही विभागणी. आता गलारागाचा तो कॅच हळू करून बघा. बॉल तळव्यात नाही, ग्लव्हच्या टोकाकडच्या जाळीत अडकलाय. तिथे आवाज येत नाही, आला तरी दबका. वरून सतरा हजार लोक किंचाळताहेत. जॉइसना तो आवाज मिळालाच नसावा असं मला वाटतं. मला स्वतःला दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या सामन्यात हे झालंय. आवाज आला नाही, मी सेफ दिला, आणि त्या मुलाच्या चेहऱ्यावरून कळलं की चुकलं. रात्री झोप लागली नाही. तिथे तर फक्त वीस पालक होते.

त्याच महिन्यात खेळाडूंच्या एका पाहणीत जॉइस सर्वांत चांगले पंच म्हणून निवडले गेले होते, हेही लिहून ठेवतो. ज्यांचे निर्णय ते रोज देत होते, त्या खेळाडूंनीच ते मत दिलं.

डेट्रॉइटकर

@गल्लीतला_पंच, आवाजाचं हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं तो क्लिप बघतेय आणि कधी कानाचा विचार केला नाही. मनापासून आभार. आणखी एक: जॉइस जन्माने टोलिडोचे, म्हणजे इथून तासाभरावरचे. पुढे २०१२ला फिनिक्सच्या स्टेडियममध्ये सामन्याआधी एक कर्मचारी बाई कोसळल्या, तेव्हा त्यांना सीपीआर देऊन वाचवणारे जॉइसच. ही बातमी आली त्या दिवशी मी आजोबांकडे पेढे घेऊन गेले होते.

नियमावर_बोट

लेख आवडला, निष्कर्ष नाही. विरोधात लिहितोय, राग मानू नका.

सेफ-आऊट हा पंचांचा मैदानावरचा अंदाज आहे, नियमाचा अर्थ लावणं नाही. दोन्हींत फरक आहे. १९८३ला यांकीजविरुद्ध जॉर्ज ब्रेटच्या बॅटवर राळ जास्त वर लावली होती म्हणून पंचांनी त्याचा होमरन रद्द केला. लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी तो परत दिला आणि राहिलेला सामना ऑगस्टमध्ये खेळवला. पण का? कारण तिथे पंचांनी नियमच चुकीचा लावला होता. जॉइसनी नियम बरोबर लावला, डोळा चुकला. उद्या कमिशनर डोळ्यांच्या चुका सुधारायला बसले तर १९८५ही उघडा, आणि त्याआधीचे शेकडोही उघडा. सेंट लुईसला करंडक परत देणार का? एकाला न्याय दिला की बाकीच्यांवर अन्याय. सेलिग निर्दयी नव्हते, त्यांना हे दार कुठवर उघडेल ते दिसत होतं.

डेट्रॉइटकर

राग कसला, हाच खरा मुद्दा आहे. पण १९८५मध्ये तो निर्णय बदलला तर पुढचं सगळं बदलतं. कोण जिंकलं असतं, सातवा सामना झाला असता का, कोणालाच सांगता येणार नाही. इथे काय बदलतं? तो सत्तावीसावा आऊट होता, म्हणजे सामना तिथेच संपत होता. निकाल ३-०, तोच राहतो. क्लीव्हलंडचं काही जात नाही. बदलतात फक्त डोनाल्डचा एक हिट आणि क्रोचा एक आऊट. डोनाल्डचा एक हिट कमी झाला तर कोणाचं घर बुडणार आहे? असा प्रसंग शोधून दुसरा दाखवा. दार उघडतं म्हणता, पण या दारातून आत येणारा दुसरा कोणी नाहीच.

आणि नोंदी बदलत नाहीत असंही नाही. १९५९ला हार्वी हॅडिक्सने १२ इनिंग परफेक्ट टाकल्या आणि तेराव्यात हरला. त्याचं नाव यादीत होतं, १९९१ला समितीने व्याख्या बदलली आणि ते काढून टाकलं. बत्तीस वर्षांनी! काढता येतं, तर घालता का येत नाही?

त्याहून मोठं उदाहरण आमच्याच घरचं. कारकिर्दीतल्या बॅटिंग सरासरीत डेट्रॉइटचा टाय कॉब अख्खं आयुष्य पहिला होता, ०.३६७. मे २०२४ला निग्रो लीगच्या नोंदी मुख्य लीगमध्ये धरल्या आणि जॉश गिब्सन ०.३७२ने वर गेला. आम्ही डेट्रॉइटवाल्यांनी तो मान हरवला आणि मला त्याचा आनंद आहे. काळ्या खेळाडूंना वेगळं खेळायला लावलं ही चूक होती, ती कागदावर तरी सुधारली. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचा हिशोब सुधारता येतो, मग माझ्या डोळ्यांदेखत घडलेला का नाही?

नियमावर_बोट

हॅडिक्सचा मुद्दा बिनतोड आहे. दुसरा प्रसंग शोधतोय. अजून सापडला नाही. सापडला की येतो.

क्रिकेटपंढरी

पंचांच्या चुकीवर बोलताना सिडनी २००८ आठवल्याशिवाय राहत नाही. सायमंड्स ३०वर होता, इशांतच्या बॉलवर बॅटची कड लागल्याचा आवाज अंथरुणात पडून आम्हाला ऐकू आला, स्टीव्ह बकनरना आला नाही. तो नाबाद १६२ करून गेला आणि आपण हरलो. पुढच्या पर्थ कसोटीतून बकनरना काढलं, पण चुकलो हे त्यांनी उघड कबूल केलं ते २०२०ला. तोवर माझा राग शिळा होऊन आंबला होता. जॉइसनी ते एका रात्रीत केलं. डेट्रॉइटकर ताईंचा राग दुसऱ्या दुपारी संपला आणि माझा बारा वर्षं टिकला, याचं कारण मला आज हा धागा वाचताना कळलं.

दादर_पश्चिम

माझे वडील वानखेडेवर होते, फेब्रुवारी १९८०, इंग्लंडविरुद्धची सुवर्णमहोत्सवी कसोटी. ते हयात असेपर्यंत दर पावसाळ्यात एकदा तरी ही गोष्ट व्हायचीच, म्हणून लिहितो.

इंग्लंडची पडझड झालेली, बॉथम आणि यष्टिरक्षक बॉब टेलर खेळत होते. टेलरला झेलबाद दिलं. टेलर घुटमळला, बॅट लागली नव्हती म्हणाला. आपला कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ. त्याने पंचांना सांगून टेलरला परत बोलावलं. त्या जोडीने १७१ धावा जोडल्या, बॉथमने शतक ठोकलं आणि तेरा विकेटही काढल्या, इंग्लंड दहा विकेटनी जिंकलं. वडील सांगायचे की स्टँडमधून उतरताना काही लोक विशीला शिव्या घालत होते आणि काही लोक गप्प चालत होते. वडील गप्प चालणाऱ्यांतले.

म्हणजे चूक तिथल्या तिथे सुधारायला कोणीतरी मोठ्या मनाचा लागतो, आणि तो पंचच असायला हवा असं नाही. क्लीव्हलंडच्या कोणी म्हटलं असतं तर? डोनाल्डला स्वतःला तर माहीत असणारच.

डेट्रॉइटकर

@दादर_पश्चिम, अंगावर काटा आला. विश्वनाथचं ऐकून होते, पण स्टँडमधून उतरणाऱ्या माणसांचं कोणी सांगितलं नव्हतं.

डोनाल्डला मात्र मी दोष देणार नाही. बेसबॉलमध्ये विरोधी कर्णधाराने निर्णय परत घ्यायचा अशी रीतच नाही, विशीला जे दार उघडं होतं ते डोनाल्डला नव्हतं. म्हणून तर मी सेलिगांकडे बोट दाखवते. ते दार फक्त त्यांच्या हातात होतं.

पार्ले_ते_फिली

जरा वेगळं मत. त्याच वर्षी ९ मेला डॅलस ब्रेडन आणि २९ मेला आमच्या रॉय हॅलडेने परफेक्ट गेम टाकला. गलारागाचा धरला असता तर महिन्याच्या आत तिसरा झाला असता. खरं सांगा, ब्रेडनची गोष्ट आज कोण आपल्या मुलीला सांगतं? गलारागाची सांगतात. त्या चुकीमुळे तो जास्त लक्षात राहिला. यादीत नाव गेलं असतं तर बाकीच्यांसारखं एक नाव झालं असतं. मला आहे तसंच सुंदर वाटतं.

डेट्रॉइटकर

हे मला खूप जण सांगतात आणि दर वेळी मला टोचतं. सुंदर आपल्याला वाटतं, कारण आपण बघणारे आहोत. गलारागाचं काय? २०११च्या सुरुवातीलाच टायगर्सनी त्याला ॲरिझोनाला देऊन टाकलं. पुढे मोठं असं काही त्याच्या वाट्याला आलं नाही. त्याच्या आयुष्यातली ती एकच रात्र. जनरल मोटर्सने त्याला दुसऱ्या दिवशी लाल कॉर्व्हेट गाडी दिली, गव्हर्नर जेनिफर ग्रॅनहोम यांनी मिशिगनपुरता तो सामना परफेक्ट जाहीर केला, हे सगळं प्रेमाने झालं. पण दहा वर्षांनी, २०२०ला, त्याने स्वतः सांगितलं की मला तो परफेक्ट गेम हवाय, मी असेपर्यंत मिळावा. आणि जॉइसही म्हणाले की द्यावा. ज्याचं गेलं तो मागतोय, ज्याच्यामुळे गेलं तो द्या म्हणतोय. आपल्याला गोष्ट छान वाटते म्हणून त्याने रिकाम्या हाताने राहायचं का?

पार्ले_ते_फिली

२०२०चं माहीत नव्हतं. मग माझं मत मागे घेतो.

नवखा_प्रेक्षक

सगळं वाचलं, रात्री दीड वाजला. आता तो क्लिप आवाज बंद करून आणि मग चालू करून असा दोनदा बघितला, पंचदादा म्हणतात तसं. ताई, ते शेजारचे आजोबा आता कुठे असतात? आणि वहीत त्यांनी नंतर ते ३-१ खोडलं का?

डेट्रॉइटकर

आजोबा २०१७ला गेले. वही त्यांच्या मुलीने मला आणून दिली, माझ्या समोरच आहे.

खोडलं नाही. त्या रात्री मी रडत होते तेव्हा ते खोडरबर हातात घेऊन बराच वेळ बसले होते, मग खिशात ठेवून दिलं. डोनाल्डच्या चौकटीत ३-१ आहे, आणि त्याला गोल करून आत २७ लिहिलंय. शेजारी क्रोच्या चौकटीत ५-३, थर्ड बेसमनकडून फर्स्ट बेसमनकडे, आणि त्याच्या गोलात २८. खाली बेरजेच्या ओळीत क्लीव्हलंडच्या रन्स ०, हिट्स ०. दोन्ही शून्यं सारख्याच दाबाने काढली आहेत, कागदाच्या मागच्या बाजूला हाताला लागतात.